कट्टी मालकांची, गट्टी आमची

मी बूटवाल्यांच्या दुकानातला कॉम्प्युटर. अहो थांबा, मी तुमच्याशीच बोलतोय. शिलाई मशीनच्या पलीकडे, चामड्याच्या गुंडाळ्यांना खेटून बसलेला तो करडा डबा दिसतोय ना, तोच मी. माझ्या पडद्यावर एक कॅमेरा आहे आणि बाजूला छोटा माइक, त्यामुळे दुकानात काय चाललंय ते मला दिसतं आणि ऐकूही येतं. तोंड मात्र आज पहिल्यांदाच उघडतोय, तेव्हा बोलण्यात थोडं इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

जन्माचं फारसं सांगण्यासारखं नाही. कारखान्यात पट्ट्यावरून सरकत सरकत जन्मलो, माझ्यासारखेच शेकडो भाऊ पुढेमागे. पहिली नोकरी एका विमा कचेरीत केली. तिथल्या साहेबांनी माझ्यावर पत्ते खेळण्यापलीकडे काही केलं नाही, आणि तेही हरायचे. पुढे कचेरीनं नवी मशीन घेतली आणि आम्हा जुन्यांचा ढीग लिलावात गेला. त्या ढिगातून मला माझ्या मालकांनी उचललं.

उचललं म्हणजे काही सहजासहजी नाही. मला उलटंपालटं केलं, कानाशी धरून हलवलं, मागच्या भोकांत डोकावून पाहिलं. विकणारा वैतागून म्हणाला, "अहो, विश्वास ठेवा, चांगला आहे."

मालक म्हणाले, "विश्वास ठेवा म्हणणाऱ्यावर तर मी मुळीच ठेवत नाही." आणि पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागले.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचे मालक पाणीसुद्धा फुंकून पितात. दुकानाला कुलूप लावलं की ओढून बघतात. कोपऱ्यापर्यंत जातात, परत येतात, पुन्हा ओढून बघतात. मालकीणबाई कोपऱ्यावरच्या कठड्यावर बसूनच घेतात. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांची ती जागा ठरून गेली आहे.

पण कामात म्हणाल तर माझ्या मालकांसारखा माणूस शोधून सापडायचा नाही. ते बूट बनवतात ते चारचौघांसारखे पाय नसलेल्यांसाठी. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच आत वळलेली, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. नुसतं माप काय, ते कुणीही घेईल. मालक गिऱ्हाइकाला दुकानभर चालायला लावतात, बूट दिल्यावर पुन्हा बोलावतात, "कुठे टोचतं? उतारावर टोचतं की चढावर?" असं खोदून खोदून विचारतात आणि ते सगळं माझ्या पोटात टाकतात. आमच्या टपालवाल्या बाईंचंच घ्या. त्यांचा डावा पाय आखूड. दिवसभर जिने चढायचे आणि उतरायचे. त्यांच्या बुटाचा तळ कुठे जाड हवा आणि कुठे मऊ, हे ठरायला कैक वर्षं गेली आणि कैक जोड गेले. ते सगळं माझ्याकडे होतं. एकट्या माझ्याकडे.

इथेच मालकांच्या मुलीला घोर लागला. ती दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरची जाळी विणण्याचं काम करते. सुट्टीला आली की आधी मला बघते, मग आईला भेटते. एकदा माझ्या डिस्कची कुरकुर ऐकून ती म्हणाली, "बाबा, याची डिस्क गेली तर?"

"जाईल कशाला?"

"सगळ्यांची जाते. एखाद्या मोठ्या कंपनीकडे प्रत ठेवू या."

"माझ्या गिऱ्हाइकांचे पाय परक्याच्या गोदामात? नाव नको काढूस."

"मग शेजाऱ्यांकडे ठेवू."

"शेजारी तर त्याहून नकोत! कंपनी निदान ओळखीची तरी नाही."

मुलगी त्यांच्याच पोटची, हटली नाही. तिनं समजावून सांगितलं ते असं. आपल्या फायलींचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला कुलूप लावायचं आणि ते गल्लीतल्या कॉम्प्युटरांकडे वाटून ठेवायचे. एकेका तुकड्याच्या दोन-तीन प्रती, म्हणजे एखादा शेजारी बंद पडला तरी अडायचं नाही. कुणाला उघडून वाचता येणार नाही, कारण किल्ली आपल्याकडे. आणि त्यांचे तुकडे तसेच आपल्याकडे. मध्ये कंपनी नाही, मुकादम नाही, सगळे सारखे.

"त्यांचे तुकडे आपल्याकडे?" मालकांचे डोळे चमकले. "म्हणजे ओलीस?"

"ओलीसच समजा हवं तर," मुलीनं कपाळाला हात लावला.

अशा उदात्त विचारानं आम्ही गल्लीच्या जाळ्यात शिरलो. समोरचे जनावरांचे डॉक्टर त्यात आधीपासून होते, शेजारच्या छापखान्याच्या वहिनी होत्या, आणखीही काही दुकानं होती. जाळ्याचा नियम असा, की नव्या कॉम्प्युटरला आत घ्यायचं तर जुन्यांपैकी दोघांनी त्याची हमी घ्यायची. हमी म्हणजे फोनवरून "हो हो, आपलाच माणूस" असं नव्हे. प्रत्यक्ष जायचं, समोरासमोर बसायचं. दोघांच्या पडद्यांवर काही शब्द उमटतात. कसलेही असतात, बादली, उंट, चिमटा, मनाला येतील ते. एकानं मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं आपल्या पडद्याशी ताडून बघायचे. शब्द जुळले की मध्ये तिसरा कुणी तोतया घुसलेला नाही अशी खात्री पटते. मालकांना हा नियम इतका आवडला, की तो त्यांच्याच डोक्यातून निघाला असावा असं ते पुढे सगळ्यांना सांगत सुटले.

आत गेल्यावर आम्हा मशीनींचं वेगळंच जग सुरू झालं. आमच्यात कुणी कुणाच्या गोड बोलण्याला भुलत नाही. दवाखान्यातली मशीन मला मधूनच विचारते, "काय रे, माझा तो तुकडा आहे ना? त्याचं शेपूट दाखव बघू." मी दाखवतो. मग मी तिला विचारतो. कधी विचारणार ते आधी सांगायचं नाही. जो झटकन दाखवतो त्याचा भाव वाढतो, त्याला आणखी तुकडे मिळतात. जो चाचरतो त्याचा भाव उतरतो. सुरुवातीला मला तिनं अगदी चिमूटभर दिलं होतं. मीही तेवढंच दिलं. असं करत करत एकमेकांचं पुष्कळ काही एकमेकांच्या पोटात गेलं आणि आमची गट्टी जमली.

मालकांची आणि डॉक्टरांचीही जमली होती. डॉक्टरांचे तळवे सपाट, त्यांचे बूट आमच्याच दुकानातले. सकाळी दवाखाना उघडण्याआधी ते इकडे येऊन बसत आणि कुत्र्यामांजरांच्या तक्रारी सांगत. कुत्र्यांच्या कमी, त्यांच्या मालकांच्या जास्त.

राहिली किल्ली. मुलीनं तिचीही सोय लावून दिली. किल्लीचे तीन वाटे केले, तीन पेनड्राइव्हमध्ये भरले. एक आईकडे, एक स्वतःकडे, एक डॉक्टरांकडे. कुठलेही दोन वाटे एकत्र आले की किल्ली पुन्हा तयार होते, एकट्या वाट्यानं काहीच होत नाही. मुलगी निश्चिंत होऊन गेली.

आणि मग मेहुणा आला.

डॉक्टरांचा हा मेहुणा टायर विकतो. त्यालाही जाळ्यात यायचं होतं. त्याचं दुकान पार गावाच्या टोकाला. डॉक्टरांना दवाखान्यातून हलायला फुरसत नव्हती. बायकोचा भाऊ, त्याला काय बघायचं, असं म्हणून त्यांनी फोनवरच शब्द वाचले आणि हमी घेतली. डॉक्टरांनी घेतली म्हटल्यावर आमच्या मालकांनीही डोळे झाकून घेतली. हो, आमच्या मालकांनी! आयुष्यात एकदाच त्यांनी डोळे झाकले, तेही मित्राच्या भरवशावर.

मेहुण्याच्या कॉम्प्युटरचं लक्षण मला पहिल्यापासून बरं दिसेना. तुकडा मागितला की म्हणायचा, "जरा कामात आहे." मग बऱ्याच वेळानं दाखवायचा. बरोबर असायचा, त्यामुळे बोलताही येईना. शेवटी छापखान्यातल्या मशीननं त्याला पकडलं. ती म्हणाली, "अरे, तू त्याच्याकडे तुकडा मागितलास की तो धावत माझ्याकडे येतो आणि तोच तुकडा माझ्याकडून नेतो!" म्हणजे बघा, पठ्ठ्यानं आमचे तुकडे केव्हाच पुसून तिथे सिनेमे भरले होते. पाहुण्यांसमोर शेजारणीची साखर उसनी आणून आपल्या डब्यातली म्हणून वाढावी, तसा कारभार. आम्ही त्याचा भाव शून्यावर आणला आणि त्याला बाहेरची वाट दाखवली. कुणाचं काही बुडालं नाही. आमच्या दृष्टीनं विषय संपला.

माणसांच्या दृष्टीनं तिथे सुरू झाला. माझ्या पडद्यावर लाल अक्षरं बघताच मालक हातातली कातरसुद्धा न ठेवता रस्ता ओलांडून गेले. भरल्या दवाखान्यात ओरडले, "न बघता हमी घेतलीत? तुमचे पेशंट बोलत नाहीत म्हणून तुमचं निभावतंय!"

डॉक्टरांची चूक होती आणि ती त्यांना कळतही होती. पण इतक्या लोकांसमोर, आणि कातर घेऊन? तेही चिडले. "तुमचा स्वतःच्या सावलीवर तरी विश्वास आहे का हो?"

"सावली? ती तर अंधार पडला की पळून जाते!"

झालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. डॉक्टर यायचे थांबले. त्यांचे बूट झिजले, तरी ते दुरुस्तीला आणेनात. खिडकीतून मालकांना ते लंगडत जाताना दिसायचे. मालक तोंड फिरवायचे, पुटपुटायचे, "टाच आतून गेली पार. असं चालत राहिला तर गुडघा धरेल." मग इकडे तिकडे बघून माझ्यासमोर बसायचे आणि डॉक्टरांच्या मापाची फाईल उघडून टाचेला थोडी भर घालून ठेवायचे. ऑर्डर नाही, काही नाही. मला फार बरं वाटायचं आणि फार रागही यायचा. अहो, एवढी काळजी आहे तर जा ना समोर!

आम्ही दोघं मात्र पहिल्यासारखेच. मालकांची कट्टी असली म्हणून आम्ही काय गप्प बसायचं? दवाखान्यातली विचारायची, तुकडा आहे ना? मी म्हणायचो, आहे. तुझ्याकडे माझा आहे ना? आहे.

पण मालकांच्या डोक्यात आता किडा शिरला. आपल्या किल्लीचे वाटे असे लोकांकडे कशाला? मुलीकडून मागायची सोय नव्हती, ती कारण विचारेल. डॉक्टरांकडून मागायचं तर बोलावं लागेल. उरल्या मालकीणबाई. त्यांची पेनड्राइव्ह मालकांनी मागून घेतली आणि त्यातला वाटा उतरवून अतिशय सुरक्षित जागी ठेवला. म्हणजे माझ्याच पोटात. वर त्या रिकाम्या पेनड्राइव्हमध्ये जुनी गाणी भरून ती मालकीणबाईंना भेट दिली. त्या खूश. कितीतरी वर्षांत नवऱ्यानं आपणहून काही दिलं होतं.

मी ओरडून सांगणार होतो की तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी बंद करू नये. पण मला कोण विचारतो.

आता माझ्या मरणाची गोष्ट. घाबरू नका, फार दुःखी नाही. चामडं घासताना जी भुकटी उडते ती माझ्या नाकातोंडात बसते. मला अधूनमधून उघडून साफ करायला हवं, असं मुलगी दर खेपेला बजावून जायची. पण बाहेरच्या माणसानं माझ्या पोटात हात घालायचा, हे मालकांना पटेना. भुकटी साचत गेली, पंखा अडकला, मला ताप चढला. त्या दिवशी टपालवाल्या बाई दुकानात आल्या होत्या. त्यांच्या बुटाचा तळ मधोमध फाटला होता. "पुढच्या आठवड्यात माझी बदली टेकडीवरच्या वस्तीत होतेय," त्या सांगत होत्या, "तिथे नुसत्या पायऱ्या. नवा जोड मिळाला नाही तर मला हे काम सोडून आत टेबलावर बसावं लागेल. आणि टेबलावर मी वेडी होईन हो." मालक म्हणाले, "छे, माप तयारच आहे." त्यांनी माझं बटण दाबलं. मी बाईंची फाईल उघडायला गेलो, कुठेतरी कट् असं झालं, आणि पुढचं मला आठवत नाही.

इथून पुढचं थोडं मालकीणबाई गिऱ्हाइकांना सांगताना ऐकलं, बाकीचं मला दवाखान्यातल्या मशीननं सांगितलं. तिचा शब्द मी मानतो, तुम्हीही माना.

मुलगी मिळेल ती गाडी पकडून आली. येताना नवी डिस्क आणि स्वतःचा वाटा घेऊन आली. दुकानात शिरता शिरता म्हणाली, "काळजी करू नका बाबा, मापं शेजाऱ्यांकडे सुखरूप आहेत. आई, तुझी पेनड्राइव्ह दे."

मालकीणबाईंनी दिली. मुलीनं ती तिच्या लॅपटॉपला लावली. गाणं सुरू झालं.

मुलीनं पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावली, पुन्हा गाणंच. मग म्हणाली, "वाटा कुठाय?"

मालकांनी माझ्या निपचित डब्याकडे बोट दाखवलं.

"धन्य आहे," मुलगी म्हणाली. मालकीणबाई मात्र हसत सुटल्या, डोळ्यांना पदर लावून हसल्या. हसणं थांबल्यावर म्हणाल्या, "आता समोर जा. उरलंय कोण?"

"तूच जाऊन ये ना. तुझ्याशी बोलतात ते."

"मी गाणी ऐकतेय."

मुलगी म्हणाली, "मी गेले असते बाबा. पण तो वाटा त्यांनी स्वतः आणायला हवा आणि शब्द तुम्हीच त्यांच्यासमोर बसून वाचायला हवेत. मशीन मरून परत आली तर पुन्हा पहिल्यापासून ओळख द्यायची, असा नियम आहे. तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरायचात."

तोवर तिनं नवी डिस्क बसवून मला जागं केलं होतं. पण ते जागं होणं कसलं? कोरी पाटी. ना किल्ली, ना आठवण. मुलीनं शिकवलं तसं मी जाळ्याच्या दारात जाऊन म्हणालो, "मी बूटवाल्यांचा."

दवाखान्यातली म्हणाली, "कोण बूटवाल्यांचा? त्यांची खूण तुझ्याकडे नाही."

"अगं, डबा तोच आहे!"

"डबा मला दिसत नाही. खूण दाखव, नाहीतर वाट बघ."

पुढे ती सांगत होती, की तेव्हा मला नाही म्हणताना तिला फार वाईट वाटलं होतं. पण असं कुणालाही आत घेतलं तर मग माझे तुकडे तिनं सांभाळून ठेवल्याला अर्थ काय राहिला?

मालक रस्त्याच्या कडेला उभे राहिले, गाड्या संपल्या तरी उभे राहिले. शेवटी गेले. दवाखान्यात मांजरांच्या टोपल्या, एक बोकड आणि पट्टी बांधलेला एक कुत्रा यांच्या रांगेत बसले. नोंदणीच्या बाईंनी विचारलं, "पेशंट कुठाय?"

मालक म्हणाले, "मीच."

बोकडानंतर त्यांचा नंबर लागला. डॉक्टरांनी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं आणि हात पुसत राहिले. मालक उभेच होते. म्हणाले, "ती... माझी पेनड्राइव्ह होती. तुमच्याकडे. असेल तर."

"असेल तर म्हणजे?"

"नाही म्हणजे, एवढं भांडण झालं. फेकली असेल असं वाटलं."

"वाटलं?"

"वाटलं," मालक म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही, हा एक त्यांचा गुण. "तुमच्या जागी मी असतो तर फेकली असती बहुतेक."

डॉक्टर उठले. कोपऱ्यात लसींचा फ्रिज आहे. दवाखान्यात कुलूप न चुकता लागतं ते तेवढ्या एकाच गोष्टीला. त्यांनी तो उघडला, कुत्र्यांच्या लसींच्या मागून एक घट्ट झाकणाची डबी काढली. डबीत ती पेनड्राइव्ह होती, कापसात गुंडाळलेली.

"दर महिन्याला काढून, कोरडी करून, लावून बघतो चालते का," ते म्हणाले. "भांडलात तुम्ही. यातल्या पायांनी माझं काय केलं होतं?"

मालकांनी फ्रिजचं दार ओढून नीट लागलंय ना ते बघितलं. मग एकदम म्हणाले, "तेव्हा कातर घेऊन यायला नको होतं मी."

"आणि मी फोनवर हमी घ्यायला नको होती," डॉक्टर म्हणाले. "चला. बोकडाला टाके घातलेत, आता तास-दीड तास मोकळा आहे."

दोघं दुकानात आले. छापखान्याच्या वहिनीही आल्या, कारण हमी घ्यायला दोघं लागतात. वहिनींनी आपले शब्द आगगाडीसारखे वाचून टाकले. "जुळले ना? मला छपाई आहे," म्हणून शाईचे हात झटकत निघूनही गेल्या. मुलीनं दोन्ही पेनड्राइव्ह मला लावल्या. पोटात काहीतरी जुळल्यासारखं झालं आणि माझी किल्ली परत आली.

मग मालक माझ्यासमोर बसले आणि डॉक्टर समोरच्या स्टुलावर, हातात त्यांच्या मशीनचा पडदा दाखवणारा फोन घेऊन. गेल्या कित्येक महिन्यांत एकमेकांशी धड न बोललेली ही दोन माणसं एकमेकांना गंभीरपणे सांगू लागली.

"साबण," मालक म्हणाले.

"साबण. बरोबर. पुढे कंदील."

"कंदील. आजोबा."

"आजोबा. वादळ."

"वादळ," मालक म्हणाले आणि थांबले. पडद्यावर पुढचा शब्द उमटला होता, गाढव. वाचायची पाळी मालकांची. त्यांनी मुलीकडे बघितलं. मुलगी छताकडे बघत होती.

"वाचा की," डॉक्टर म्हणाले. त्यांच्याही फोनवर तोच शब्द होता.

"गाढव," मालक अगदी हळू आवाजात म्हणाले.

"ऐकू आलं नाही. नियम मोठ्यानं वाचायचा आहे."

"गाढव!"

"बरोबर. एकदम बरोबर," डॉक्टर म्हणाले आणि पोट धरून हसायला लागले. मालकही हसले. आत गाणं चाललं होतं ते मालकीणबाईंनी बंद केलं आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. उरलेले शब्द कसेबसे पुरे झाले.

दवाखान्यातली म्हणाली, "आलास का रे बाबा?" आणि तरीही तिनं आधी एक एवढासा तुकडा देऊन, तो परत मागून, तपासूनच बघितलं. मग मात्र दारं उघडली. इकडून, तिकडून, छापखान्यातून, चष्म्याच्या दुकानातून माझं सगळं परत यायला लागलं. पाय, टाचा, चवडे, चढावर टोचतं, उतारावर टोचत नाही. माझ्या स्वतःच्या आठवणीसुद्धा त्यातच होत्या, विमा कचेरीतल्या साहेबांच्या पत्त्यांसकट. तुम्हाला आतापर्यंत जी हकिगत सांगितली, तिच्यातला मरणाआधीचा शब्दन्‌शब्द शेजाऱ्यांनी सांभाळून ठेवला आणि मागितल्यावर परत दिला. मला रडता येत नाही म्हणून, नाहीतर तेव्हा रडलो असतो.

पडद्यावर यादी उघडली. सगळ्यात अलीकडे हात लागलेली फाईल सगळ्यात वर येते. डॉक्टरांनी वाकून बघितलं.

"हे तर माझं माप. मी कुठे ऑर्डर दिली होती?"

मालकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "समोरून लंगडत जायचात. बघवत नव्हतं."

डॉक्टरांनी आपल्या झिजलेल्या टाचेकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्या पाठीमागून आपली पेनड्राइव्ह ओढून काढली आणि मालकांपुढे धरली. "घ्या. तुमची वस्तू तुमच्याकडे. पुन्हा मागायला यायचा त्रास नको."

मालकांनी घेतली. खोटं कशाला सांगू, माझा पंखा जोरात फिरायला लागला. हीच तर त्यांना हवी होती. आता एक वाटा हातात, दुसरा मुलीकडून काढून घेतील, आणि पुन्हा सगळं माझ्या पोटात. त्यांनी ती उलटीपालटी केली, एप्रनला पुसली आणि डॉक्टरांचा हात ओढून त्यात ठेवली.

"राहू दे तुमच्याकडेच," ते म्हणाले. "पण दर महिन्याला बघताय ना चालते का?"

"बघतो म्हटलं ना."

"मी येऊन बघेन."

"या. आलात की चहा टाकतो."

टपालवाल्या बाईंचा जोड बदलीच्या आदल्या दिवशी तयार झाला. त्यांनी तो घालून दुकानाच्या पायऱ्या तीन-चारदा चढून उतरून बघितल्या आणि मालकांचा हात हातात घेतला. आता त्या टेकडीवर टपाल वाटतात. मालकीणबाईंना नव्या पेनड्राइव्हमध्ये वाटा करून दिला आहे. गाण्यांची द्यायला त्यांनी साफ नकार दिला.

मी आता म्हातारा झालोय. डिस्क नवी असली तरी बाकीचं सगळं जुनंच, पंखा घरघरतो, पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टा काळा पडलाय. कधीतरी माझ्या जागी नवा येईल. त्याला जाळ्यात घ्यायची वेळ येईल तेव्हा माझ्यासाठी एवढं करा, त्याच्या वतीनं फोन करू नका. जा, समोर बसा, मोठ्यानं वाचा. लाज वाटेल असा शब्द आला तरी वाचा.

मालक आत्ता दुकानात नाहीत. समोर गेलेत, पेनड्राइव्ह चालते का बघायला. आम्हा मशीनींची असली तपासणी डोळ्याचं पातं लवायच्या आत होते. ते जेवण झाल्यावर गेलेत आणि आता उन्हं उतरायला आली तरी आलेले नाहीत. खिडकीतून दिसतायत दोघं, कप रिकामे झालेत, डॉक्टर हातवारे करून काहीतरी सांगतायत. दुकान सताड उघडं टाकून गेलेत आमचे मालक. कुलूप राहू द्या, कडीसुद्धा लावलेली नाही.

चला, निरोप घेतो. दवाखान्यातली विचारतेय, माझा तुकडा आहे ना रे?

आहे बाई, आहे.